किनाऱ्यावरची प्रेमकथा सोलापुरात बसून लिहिताना

कोकणात सूर्य समुद्रातून उगवत नाही. तो घरामागच्या डोंगरावरून येतो आणि समुद्रात मावळतो. पौर्णिमेचा चंद्रही डोंगराकडूनच वर चढतो, मध्यरात्री माथ्यावर येतो आणि पहाटे पाण्यावर उतरतो. संध्याकाळी समुद्रावर दिसते ती शुद्ध द्वितीया-तृतीयेची कोर, तीही मावळतीला निघालेली. सोलापूरसारख्या कोरड्या मुलखात बसून किनाऱ्यावरच्या छोट्या गावातली आजची प्रेमकथा लिहिणाऱ्यांची पहिली चूक इथेच होते, आणि देवगड-मालवणकडचा वाचक पुस्तक तिथेच मिटतो. लेखकानं गाव पाहिलंय का, अशी शंका त्याला येते. ती एकदा आली की पुढच्या प्रेमावरही त्याचा विश्वास बसत नाही.

छोट्या गावातल्या प्रेमकथेचं सगळं कथानक एका प्रश्नावर उभं असतं: ही दोघं कधी आणि कुठे भेटू शकतात? शहरात कॉफीचं दुकान असतं, मॉल असतो, ओळख न देणारी गर्दी असते. तीन-चार हजार वस्तीच्या गावात यातलं काही नसतं. आणि गाव किनाऱ्यावरचं असेल तर भेटीची वेळ भरती-ओहोटी ठरवते, मासेमारीची बंदी ठरवते, आंब्याचा मोहोर ठरवतो, गणपती आणि शिमगा ठरवतात. म्हणून आधी पंचांग आणि दिनदर्शिका घेऊन बसावं, वर्षाचा आराखडा काढावा आणि मगच नायक-नायिकेच्या मनात शिरावं, असं माझं ठाम मत आहे. मन कुठेही बसून कल्पिता येतं. भरतीची वेळ कल्पिली की चुकते.

भरती काढायची सोपी रीत कोकणात घरोघरी माहीत असते. पंधरवड्यातली तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची घड्याळातली वेळ. चतुर्थीला चारचे पाऊण तीन, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. अमावस्या-पौर्णिमेला हिशेबानं सव्वाअकरा, प्रत्यक्षात बाराच्या सुमारास. दोन भरत्यांमध्ये सव्वाबारा-साडेबारा तासांचं अंतर असतं, त्यामुळे रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा पाऊण-पाऊण तासानं पुढे सरकते, आणि भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी पुरी होते. हा हिशेब मुंबईच्या आसपासचा आहे. दक्षिणेकडे मालवण-वेंगुर्ल्याला पाणी साधारण तासभर आधी चढतं, शिवाय तिथे भरती-ओहोटीतला फरकही मुंबईपेक्षा कमी असतो. मुंबईला उधाणाचं पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं. ते दृश्य उचलून वेंगुर्ल्यात ठेवलं तर खोटं पडतं. अगदी मिनिटापर्यंत हवं असेल तर भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरतीची कोष्टकं छापतो.

आता याचा कथेला उपयोग बघा. दोघांना सूर्यास्ताला ओल्या, रुंद, आरशासारख्या वाळूवरून चालवायचं असेल तर दिवस अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासचा हवा; तेव्हा संध्याकाळी ओहोटी असते. सूर्यास्ताला पाणी बंदराच्या पायऱ्यांना लागलेलं हवं असेल तर अष्टमी निवडा, पण मग लाटा दांडग्या दाखवू नका. अष्टमीला भांगाचं, म्हणजे कमी चढ-उताराचं, पाणी असतं, उधाणाचं नाही. पौर्णिमेचा चंद्र डोंगरावर दिसायला लागतो तेव्हा पाणी नुकतंच परतायला लागलेलं असतं आणि रात्री अकराच्या सुमारास सुरूच्या झाडांपाशी पोचतं. म्हणजे दोघं सातला वाळूवर बसली, बोलता बोलता चार तास गेले, तर पाणी हळूहळू त्यांच्या पायांशी येईल आणि त्यांना दोनदा उठून मागे बसावं लागेल. या दोनदा उठण्यात लेखकाला किती सोय आहे! मागे बसताना अंतर कमी झालं, इतकंच लिहिलं तरी पुरतं.

उलट उदाहरण संकष्टीचं. चंद्रोदय रात्री नऊच्या मागेपुढे. नायिका उपास धरून जेटीवर उभी, चंद्र उगवतो आणि त्याच क्षणी नायकाची बोट खाडीत शिरते. वाचायला छान. पण वद्य चतुर्थीला मालवणकडे दुपारी दोनच्या सुमारास भरती असते आणि रात्री आठ-नऊला ओहोटी पुरी झालेली असते. कोकणातल्या बऱ्याच खाड्यांची मुखं गाळानं भरलेली आहेत. भरतीचं पाणी असल्याशिवाय बोटी आत घेता येत नाहीत. त्या रात्री बोट बाहेरच नांगर टाकून पहाटेच्या पाण्याची वाट बघेल. दिवे दिसतील, माणूस येणार नाही. चंद्र बघून उपास सोडायचा आणि समोर दिसणाऱ्या दिव्याकडे बघत घरी जायचं, हा प्रसंग मूळ कल्पनेपेक्षा कितीतरी चांगला आहे, आणि तो फुकट मिळालेला आहे.

वर्षाचा आराखडा काढताना सर्वांत मोठी देणगी म्हणजे पावसाळी मासेमारी बंदी. १ जून ते ३१ जुलै, एकूण ६१ दिवस, यांत्रिक नौकांना समुद्रात जायला मनाई असते. बिगरयांत्रिक होड्यांना सूट असते. एरवी पहाटे निघणारा, दिवसचे दिवस पाण्यावर असणारा पुरुष या दोन महिन्यांत गावात असतो. बोट ओढून शाकारलेली असते. तो जाळी दुरुस्त करतो, इंजिन खोलतो, भाताची लावणी करतो, पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला वहाळावर जातो. म्हणजे ओळख, भांडण, मैत्री हे सगळं जून-जुलैमध्ये घडवा. ऑगस्टमध्ये समुद्र त्याला परत घेऊन जातो आणि नायिकेला पहिल्यांदा कळतं की आपण कशाची सवय करून घेतली. पुष्कळ लेखक नेमकं उलटं करतात: पर्यटनाच्या हंगामात, मे महिन्यात, प्रेम जमवतात आणि पावसात विरह घालतात. मे महिन्यात कोकणातल्या माणसाला मान वर करायला फुरसत नसते. आंबा काढायचा असतो, चाकरमानी आलेले असतात, घराची कौलं परतायची असतात, आगोटीचं, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचं, सामान भरायचं असतं.

उदाहरणासाठी एक कथा घेऊ. नायिका रेणुका, सोलापूरच्या पूर्व भागातल्या पद्मशाली घरातली; घरी आईला अम्मा म्हणते, घरात तेलुगू, गल्लीत मराठी, बाजारात कानडीही कानावर पडते. बँकेत अधिकारी. मेच्या शेवटी तिची बदली मालवण आणि देवगडच्या मधल्या एका गावातल्या शाखेत होते. गावाचं नाव कल्पित ठेवा, तालुका खरा ठेवा. खऱ्या गावाचं नाव घेतलंत तर देवळाच्या पायऱ्या मोजणारे वाचक असतात, आणि त्यांचं बरोबरच असतं. नायक संदेश, गाबीत समाजातला, वडिलांबरोबर गिलनेटची फायबर बोट चालवतो. वडील तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, वर चार खलाशी. समाजाचं नाव जपून वापरा: सिंधुदुर्गात गाबीत, रत्नागिरीकडे खारवी आणि दालदी, रायगड-मुंबईकडे कोळी. मालवणच्या नायकाच्या तोंडी मुंबईच्या कोळीगीतातली भाषा घातली की काम बिघडलं.

संदेशनं बोटीच्या इंजिनासाठी कर्ज काढलंय आणि हप्ते महिन्याचे लावून घेतलेत. इथेच कथेचा गाभा आहे, आणि तो वादळापेक्षा भक्कम आहे. मासेमारीच्या कर्जाचे हप्ते हंगामाप्रमाणे, बंदीचे महिने वगळून, बांधायला हवेत. बँकेतल्या आधीच्या कुणा अधिकाऱ्यानं ते न पाहता दरमहा लावले. जून-जुलैत उत्पन्न शून्य. डिझेलवरच्या कराचा परतावा संस्थेमार्फत येतो, पण तो रखडलेला. मुदत कर्जाचा हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं अनुत्पादित होतं. ३१ मेचा हप्ता थकला तर ९० दिवस २९ ऑगस्टला भरतात. कथेचं साल २०२६ धरलं तर त्या वर्षी अधिक ज्येष्ठ आल्यामुळे नारळी पौर्णिमा ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात जाते. म्हणजे कायद्यानं १ ऑगस्टला समुद्र मोकळा, पण तांडेल बाप म्हणतो की नारळ सोडल्याशिवाय बोट लोटायची नाही, समुद्र अजून खवळलेला आहे. मुलगा म्हणतो, तोवर खातं बुडेल. दोघंही बरोबर आहेत. आणि तारीख ठाऊक असलेली तिसरी व्यक्ती म्हणजे बँकेच्या खुर्चीत बसलेली रेणुका.

अधिक महिना न पाहता सणांच्या तारखा टाकणं ही दुसरी मोठी चूक. २०२५ साली नारळी पौर्णिमा ८ ऑगस्टला होती. तेव्हा हा पेच उभाच राहिला नसता. २०२६ची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे चाकरमान्यांची गर्दीही उशिरा येते. साल ठरवा, मग पंचांग उघडा, मग प्रकरणं आखा. साल पुस्तकात लिहायची गरज नाही.

प्रेमातली अडचण माणसांच्या निर्णयातून यावी. रेणुका जुलैमध्ये हप्त्यांची फेरबांधणी सुचवते. ते नियमात बसतं आणि योग्यही आहे. पण तोवर तिची संदेशच्या घरी ये-जा सुरू झालेली असते. तिनं शाखा व्यवस्थापकाला सांगून ती फाईल दुसऱ्याकडे सोपवायला हवी होती. ती सोपवत नाही, कारण सोपवायची तर कारण सांगावं लागेल, आणि कारण तिनं अजून स्वतःलाही सांगितलेलं नाही. नोव्हेंबरात कुणीतरी तक्रार करतं आणि तिच्याकडे खुलासा मागितला जातो. हे तुटणं वाचकाला पटतं, कारण त्याचं बीज पेरताना त्यानं पाहिलेलं असतं. याउलट बोट बेपत्ता होते, नायिका किनाऱ्यावर धाय मोकलून रडते आणि सकाळी तो ओंडक्याला धरून परत येतो, या प्रकारात भांडणाचं मूळ कारण तसंच राहतं. भीतीनं ते फक्त झाकलं जातं.

वादळ वापरूच नये असं नाही. जून २०२०चं निसर्ग आणि मे २०२१चं तौक्ते कोकणानं सोसलंय, वाचकांच्या घरांची छपरं गेली आहेत. म्हणून ते हलक्या हातानं, सजावटीसारखं वापरू नये. वापरलंत तर क्रम नीट ठेवा. आधी हवामान खात्याचा इशारा येतो, बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागतो, बाहेरच्या बोटींना निरोप जातात, परक्या गावच्या बोटीही जवळच्या सुरक्षित बंदरात आश्रयाला शिरतात. म्हणजे गावात अचानक पन्नास-शंभर अनोळखी खलाशी येतात, त्यांच्या जेवणाची सोय करावी लागते. मोबाईलची रेंज किनाऱ्यापासून थोडं आत गेलं की तुटते. खोल समुद्रातला नायक नायिकेला फोन करू शकत नाही. वायरलेस संचावर बोट ते बोट निरोप येतो, आणि तो सगळा बंदर ऐकतो. ‘सांग तिका, बरो आसंय’ हे वाक्य चाळीस माणसांच्या देखत पोचतं. चोरून प्रेम करणाऱ्या जोडप्यासाठी याहून मोठा स्फोट कोणता?

सोलापूरच्या लेखकाकडे एक मोठं भांडवल आहे, तेवढं वापरलं जात नाही: परकी नजर. गाव नायिकेच्या डोळ्यांनी दाखवा, म्हणजे तुमचं अज्ञान तिचं अज्ञान होतं आणि ते कथेत शोभतं. सोलापुरात वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. किनाऱ्यावर तीन हजारांच्या पुढे. हा आकडा कादंबरीत लिहू नका, त्याचे परिणाम लिहा. मीठ पाणावतं. काडेपेटी पेटत नाही. जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि सपाट चपलेनं माणूस घसरतो. सोलापुरी चादर एकदा भिजली की आठवडा-आठवडा वाळत नाही, तिला कुबट वास येतो. रेणुका फोनवर भावाला म्हणेल, “कापडं वाळायलीच नाहीत रे इथं. तुमच्याकडं पडायलाय का?” आणि तिकडून उत्तर येईल की अजून ढगसुद्धा नाही. पावसाचा एवढाच उल्लेख पुरे.

हा सगळा दमटपणा एका वस्तूत पकडता येतो. रेणुकानं घरून डबाभर कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणलीय. सोलापुरात कडक भाकरी दिवसचे दिवस कुरकुरीत राहते. जूनच्या किनाऱ्यावर डब्याचं झाकण सैल राहिलं की ती दोन दिवसांत सादळते. वाकवली तर मोडत नाही, चामड्यासारखी वळते. संदेशची आई ते बघते.

“ह्या काय गो? पापड?”

“भाकरी आहे काकी. कडक असते. आता नाही राहिली.”

“डबो हाड हंय. तव्यार गरम करून दितंय.”

तवा मंद आचेवर, तेल नाही, भाकरी फडक्यानं दाबत दोन्ही बाजूंनी शेकायची. ओल निघून जाते आणि गार झाली की ती पुन्हा ताठ होते. गरम असताना मऊच लागते, म्हणून घाई करायची नाही. संदेश पडवीत जाळं घेऊन बसलाय. आई त्याच्या हातात एक तुकडा देते, तो मोडतो, कट्‌कन आवाज येतो, आणि तो रेणुकाकडे बघतो. प्रसंग इथे थांबवा. पुढे तिच्या मनात काय झालं याचा परिच्छेद लिहिण्याचा मोह होईल. तो लिहिलात तर पुढच्या वाचनात काढून टाका. अशा दृश्यात वस्तू काम करत असते तेव्हा लेखकानं बाजूला राहावं.

बोलीचं प्रमाण हा नेहमीचा वादाचा मुद्दा. निवेदन प्रमाण मराठीत, संवाद बोलीत, आणि बोलीतही एका वाक्यात वाचकाला न कळणारे दोनपेक्षा जास्त शब्द नकोत. आधीच्या किंवा नंतरच्या कृतीतून अर्थ लागला पाहिजे, जसा वरच्या संवादात डबा आणि तवा यांनी लागतो. मालवणी लिहिली की ती मालवणीच ठेवा; रत्नागिरीकडची संगमेश्वरी आणि मालवणी यांची मिसळ करू नका. लिहून झाल्यावर सगळे संवाद त्या भागातल्या माणसाकडून मोठ्यानं वाचून घ्या. कागदावर न दिसणारी चूक वाचताना अडखळण्यातून कळते. सोलापुरी बोलीलाही हाच नियम. पोरं-पोरं एकमेकांना ‘का बे’ म्हणतात म्हणून रेणुका बँकेत तसं म्हणणार नाही.

आणि मराठी प्रेमकथेतला सर्वांत मोलाचा क्षण विसरू नका: ‘तुम्ही’चं ‘तू’ होतं तो. बँकेतल्या बाईला संदेश ‘मॅडम’ म्हणणार. मग ‘रेणुका मॅडम’. एखाद्या घाईच्या प्रसंगी, दोर धर म्हणताना, ‘मॅडम’ गळून पडेल आणि दोघांनाही ते ऐकू येईल. दुसऱ्या दिवशी बँकेच्या काउंटरवर तो पुन्हा ‘मॅडम’ म्हणेल, आणि या वेळी ती चिडेल. हे बदल प्रकरणवार कागदावर नोंदवून ठेवा. पाचव्या प्रकरणात ‘तू’ आणि सातव्यात विनाकारण ‘तुम्ही’ झालं की वाचकाला पान चुकल्यासारखं वाटतं. चारचौघांत एक आणि एकांतात दुसरं, असं मुद्दाम ठेवलंत तर त्यातून किती तरी ताण निघतो.

लांबी आणि बांधणीचं थोडक्यात. ६०,००० शब्दांची कादंबरी छापील सव्वादोनशे ते अडीचशे पानांची होते, या प्रकाराला ती पुरेशी आहे. दोन-दोन हजार शब्दांची तीस प्रकरणं धरा. भेट तिसऱ्या प्रकरणाच्या आत. बंदीचे दोन महिने चौथ्यापासून बाराव्यापर्यंत. नारळी पौर्णिमा आणि कर्जाची तारीख चौदा-पंधराला, म्हणजे बरोबर मध्यावर. मनातलं बोलून दाखवणं तिथेच. गणपती सतरा ते वीस. तुटणं बावीस-तेवीसला. त्यानंतर प्रत्येकी एक प्रकरण एकटेपणाचं द्या, दोन नको. वाचक तिथे कंटाळतो. दृष्टिकोन आलटून पालटून दोघांचा ठेवा, पण एका प्रकरणात एकाचाच. प्रतिलिपीसारख्या ऑनलाइन ठिकाणी भाग पाडून टाकणार असाल तर हजार-बाराशे शब्दांचे तुकडे करावे लागतील आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी काहीतरी लोंबकळत ठेवावं लागेल. पुढे पुस्तक करताना हे शेवट गुळगुळीत करायला विसरू नका, नाहीतर दर चार पानांनी दार वाजतं.

शारीरिक जवळीक किती दाखवायची हे पहिल्याच मसुद्याआधी ठरवा आणि शेवटपर्यंत तेच पाळा. वीस प्रकरणं हात धरण्यापुरती आणि एकविसाव्यात एकदम दार लावून घेतलं, तर तो दुसऱ्या पुस्तकाचा भाग वाटतो. हिंदी सिनेमातली वाक्यं मराठीत आणू नका. छोट्या गावात एकांत मिळणं हीच मोठी गोष्ट असते. वीज गेलेली रात्र, वस्तीची एसटी गावात मुक्कामाला आल्यावर सामसूम झालेला स्टँड, मे महिन्यात राखणीसाठी बागेत मुक्काम. जागा आधी शोधा. जवळीक तिच्या मापानं येते.

नायकाला सोलापुरात आणा. पुष्कळ कादंबऱ्यांत बाहेरून आलेल्या बाईलाच बदलावं लागतं, तिलाच मासे खायला शिकावं लागतं. हे एकतर्फी आहे आणि मला ते खटकतं. संदेशनं जानेवारीत, सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत यावं. हंगाम चालू असताना बोट सोडून येणं म्हणजे दोन-तीन फेऱ्यांची मासळी बुडणं, खलाश्यांचा पगार तर द्यावाच लागतो. म्हणून या येण्याला किंमत आहे. रात्रभर घाट चढून, कोल्हापूर, मिरज, सांगोल्यावरून तो येईल. भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा असतो: सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’चा घोष. कुंभारकन्येनं सिद्धरामेश्वरांशी लग्नाचा हट्ट धरला आणि त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचं लग्न लावून दिलं, ही कथा सोलापूरच्या लेकराला पाठ असते. लाखो लोक मिळून एका लग्नावर अक्षता टाकतायत, आणि त्या गर्दीत अम्मा, भाऊ, रेणुका आणि हा परका माणूस हातात तांदूळ घेऊन उभा. किनाऱ्याच्या कादंबरीतलं सर्वांत चांगलं प्रकरण सोलापुरात घडू शकतं. फक्त गर्दीचं वर्णन पानभर नको. त्याच्या मुठीतले तांदूळ घामानं चिकटलेत, तेवढं दाखवा.

उपकथानकाला जमीन घ्या. कोकणातला सातबारा उघडला की एकेका गुंठ्यावर वीस-वीस नावं निघतात, निम्मे वारस मुंबईला, काही हयात नाहीत आणि वारसनोंद झालेली नाही. त्यामुळे वडिलोपार्जित घराचं राहण्या-जेवणाच्या सोयीचं घर करायचं म्हटलं की सह्या गोळा करण्यातच चार प्रकरणं जातात, आणि ती रंगतातही. परक्या माणसानं येऊन झटकन शेतजमीन घेतली असं लिहू नका. महाराष्ट्रात ती घ्यायला शेतकरी असावं लागतं. भरतीरेषेपासून बांधकामाचे निर्बंधही असतात: २०१९च्या किनारपट्टी अधिसूचनेनं दाट वस्तीच्या ग्रामीण भागात ५० मीटर आणि विरळ वस्तीत २०० मीटरचा पट्टा ना-विकास ठेवलाय. नायिकेच्या खिडकीतून लाट दिसत असेल तर ते घर जुनं असायला हवं.

शेवट मे महिन्यात करा, आंबा उतरत असताना. चौदा आणे तयार झालेलं फळ देठासकट झेल्यानं, म्हणजे काठीला बांधलेल्या जाळीनं, काढतात. देठ तुटला तर चीक फळावर उतरतो आणि साल डागाळते. घरातली सगळी माणसं एका जागी आणायला आंबा काढण्यासारखं काम नाही. पण शेवट सुखाचा करताना एका प्रश्नाचं उत्तर द्यावंच लागतं, आणि बऱ्याच हस्तलिखितांत ते दिलेलंच नसतं. बँकेतल्या माणसाची दर काही वर्षांनी बदली होते. बोट बदलीवर जात नाही. रेणुका विनंती अर्ज करून जिल्ह्यातच राहते, की बढती नाकारते, की संदेश हंगामाबाहेरचे दोन महिने तिच्या गावी येऊन राहतो, हे शेवटच्या दोन प्रकरणांत दोघांनी समोरासमोर बसून, पैशांच्या आकड्यांसकट बोललं पाहिजे. हप्ता किती, पगार किती, जून-जुलैत घर कशावर चालणार. हा संवाद कोरडा वाटेल म्हणून लोक गाळतात. तो लिहा, आणि त्यात ‘मॅडम’ एकदा तरी येऊ द्या.